कालव्याच्या वरचे शेत

गव्हाची परीक्षा करताना माझे वडील दाणा दाताखाली धरीत. कट्‌ असा स्वच्छ आवाज आला, की मान हलवीत. दाणा नुसताच दबला, तर हातातले उरलेले दाणे व्यापाऱ्याच्या पोत्यात परत टाकीत. गव्हाच्या आनुवंशिकतेचा अभ्यास करण्यात माझ्या आयुष्याची पस्तीस वर्षे गेली. दाण्यांचे वजन करण्याची, त्यांतील प्रथिने मोजण्याची आणि पुढे पुढे त्यांच्या पेशींत लिहिलेली अक्षरे वाचण्याचीही साधने मी हाताळली. तरीही चांगला गहू कोणता, असे कोणी विचारले, की मला आधी तो आवाज ऐकू येतो आणि त्यामागोमाग एक जुनी चूक आठवते. चूक माझी होती आणि तिची किंमत वडिलांनी मोजली.

आमचे गाव गोदावरीच्या खोऱ्यात, नाशिक जिल्ह्याच्या पूर्व अंगाला आहे. नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यातून निघालेले कालवे इंग्रजी अमदानीत, विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत वाहू लागले आणि त्यांनी या मुलखाचे दोन भाग केले. कालव्याच्या खालच्या अंगाला ऊस आला, मळे आले, पुढे द्राक्षांचे मांडव आले. वरच्या अंगाला मात्र बाजरी, हरभरा आणि कोरडवाहू गहू होता तसाच राहिला. पाणी चढ चढत नाही, एवढे साधे कारण त्यामागे होते. आमची जमीन वरच्या अंगाला होती. बांधावर उभे राहिले, की खाली कालव्याचे पाणी उन्हात चकाकताना दिसे. ते दिसे, एवढाच आमचा त्याच्याशी संबंध.

अण्णांचा गहू बन्सी. उंच वाढणारा, लांब कुसळांचा, काचेसारख्या टणक दाण्याचा. त्याची शेती ही खरे म्हणजे ओल राखण्याची शेती होती. पावसाळाभर शेत रिकामे ठेवून वखरायचे, तण उगवू द्यायचे नाही, भेगा बुजवीत राहायचे. पाऊस सरला, की वरची माती सुकते, पण चार-पाच बोटांखाली काळ्या जमिनीत ओल टिकून असते. पाभरीने बी त्या ओलीवर नेमके सोडायचे. त्यानंतर पिकाला थंडी, दव आणि जमिनीच्या पोटातले पाणी, एवढ्यावर निभवायचे. उत्पन्न थोडे येई. कधी तांबेरा पडला, तर तेवढेही येत नसे. परंतु दर वर्षी खळ्यावर जाण्यापूर्वी अण्णा उभ्या पिकात फिरून निवडक ओंब्या खुडून आणीत आणि त्यांचे बी वेगळे ठेवीत. हे त्यांच्या वडिलांनी केले होते, तेही करीत होते. आजच्या भाषेत सांगायचे, तर आमच्या घरात दोन पिढ्या निवडपद्धतीने पैदास चालू होती. फक्त तिची वही नव्हती.

१९७१ साली मी कृषी महाविद्यालयात शिकत होतो. त्या दिवसांत वर्गात आणि वसतिगृहात बुटक्या गव्हाखेरीज दुसरा विषय नसे. जपानच्या 'नोरिन-१०' या ठेंगण्या गव्हातील जनुके अमेरिकेमार्गे मेक्सिकोत गेली, तेथे नॉर्मन बोरलॉग यांनी त्यांतून नवे वाण घडवले, १९६६ साली भारताने मेक्सिकोहून १८,००० टन बियाणे आणले आणि पाठोपाठ 'कल्याणसोना' व 'सोनालिका' हे वाण आपल्या शेतांत उतरले, ही कथा आम्हांला पाठ होती. ती खोटी नव्हती. १९६४-६५ मध्ये देशात सुमारे १ कोटी २३ लाख टन गहू पिकला होता. १९७०-७१ मध्ये तो २ कोटी ३८ लाख टनांवर गेला. परदेशी जहाजांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या देशाला या बियाण्याने उभे केले. ते आपल्याही शेतात असावे, असे एका शेतकऱ्याच्या मुलाला वाटले, तर त्यात नवल नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीत मी 'कल्याणसोना'चे बियाणे घेऊन घरी गेलो. अण्णांनी एक दाणा दाताखाली धरला. काही बोलले नाहीत. गव्हासाठी राखलेल्या पाच एकरांपैकी तीन एकर त्यांनी माझ्या शब्दाखातर दिले. विहिरीला पाणी होते. चार पाळ्या देऊ, असा माझा हिशेब होता.

पहिला अडथळा पेरणीतच आला. अण्णांनी सवयीप्रमाणे पाभर ओलीपर्यंत खोल घातली. बन्सी उगवून आला. नवा गहू जागोजाग उगवलाच नाही. त्याचे कारण मला पुष्कळ वर्षांनी समजले. रोपाची कांडी लांबते ती गिबरेलिन नावाच्या संप्रेरकाच्या सांगण्यावरून. बुटकेपणाची ती जनुके रोपाला या संप्रेरकाच्या बाबतीत बहिरे करून टाकतात. म्हणून ताट आखूड राहते, खत-पाणी भरपूर दिले तरी पीक लोळत नाही, आणि काडीत जाणारा वाटा ओंबीकडे वळतो. पण हाच बहिरेपणा बी मातीखाली असतानाही असतो. कोंबाला मातीतून वर नेणारी जी म्यान असते, तीही आखूडच राहते. पाणी भरून वरवर पेरणाऱ्या शेतकऱ्याला हे कधी जाणवत नाही. ओलीचा माग घेत खोल पेरणाऱ्याचा मात्र कोंब वाटेतच संपतो. ज्या गुणाने खालच्या अंगाची शेते भरली, त्याच गुणाने आमच्या शेतात तुटाळ पडली.

आम्ही पाणी देऊन नांग्या भरल्या. दुसरे पाणी दिले. पीक असे तरारले, की वाटेने जाणारे थांबून पाहत. एकेका रोपाला फुटव्यांचा झुबका, रंग गडद हिरवा. शेजारच्या दोन एकरांत बन्सी आपला विरळ, फिकट, जणू लाजून उभा होता. त्या पंधरा दिवसांत मी गावात जरा अधिकच ताठ चालत असेन. पुढे पौषात विहीर आटली. त्या साली पाऊस आधीच कमी होता. नव्या गव्हाने असतील तेवढ्या ओलीचे पान आणि फुटवे करून टाकले होते; ओंबी भरण्याच्या वेळी मुळांखाली काही उरले नव्हते. भर दुपारी पाने सुरळीसारखी वळत आणि रात्र सरली तरी उलगडत नसत.

मळणी झाली. आई वावडीवर उभी राहून उफणू लागली. बन्सीचे दाणे पायाशी पडत होते. नव्या गव्हाचे दाणे इतके चिमलेले होते, की वाऱ्याबरोबर भुसकटातच जाऊन पडत. तिने दोनदा उफणले आणि मग टोपली खाली ठेवली. अण्णा तिथेच बसले होते. माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "बी चांगलं आहे रे. पण त्याला आपल्या विहिरीचा ठाव कुठे माहीत?"

एवढ्यावर हे संपले असते, तर ते एका वर्षाचे नुकसान ठरले असते. पण पुढचे वर्ष १९७२ होते. त्या वर्षीच्या दुष्काळात वरच्या अंगाच्या शेतांत रब्बीची पेरणीच झाली नाही. अण्णा आणि आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. घरात जो थोडा बन्सी होता, तो दोनच एकरांचा होता. पाच एकरांचा असता, तर दळायला पुरून पेरायला उरला असता. माघात आईने बियाण्याचे गाडगे काढले. अण्णा ओसरीवर होते. तिने विचारले नाही, त्यांनी अडवले नाही. बियाणे खाल्ले गेले. दोन पिढ्यांनी ओंबी ओंबी करून निवडलेला तो बन्सी त्या दिवशी आमच्या घरापुरता संपला. पुढच्या पेरणीला अण्णांनी बाजारातून बी आणले. त्यांनी हा विषय माझ्याजवळ कधीही काढला नाही, आणि मी गव्हाचा अभ्यासक का झालो, हे मीही त्यांना कधी सांगितले नाही.

अण्णांना जुन्याचा हट्ट होता, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. १९७८ साली विहीर खोल केली आणि पाणी टिकू लागले, तेव्हा विहिरीलगतच्या तुकड्यात त्यांनी आपण होऊन 'सोनालिका' पेरला, आणि तो वरवर पेरला. वरच्या तुकड्यात मात्र ते खोल पेरायचा गहूच पेरीत राहिले. एकाच शेतकऱ्याच्या एकाच शेतात दोन वेगळी उत्तरे बरोबर असू शकतात, हे त्यांना उमगले होते. मला ते उमगायला उत्तरेतल्या एका प्रक्षेत्रावरची बरीच वर्षे खर्ची घालावी लागली.

गव्हाचे उत्पन्न हा एका जनुकाचा गुण नाही. स्वीडनच्या निल्सन-एले या शास्त्रज्ञाने १९०९ साली दाखवून दिले, की गव्हाच्या दाण्याचा साधा तांबूस रंगसुद्धा तीन वेगवेगळ्या जनुकांच्या बेरजेने ठरतो. रंगाची ही गत, तर उत्पन्नाची काय असेल? रोटीच्या गव्हाच्या पेशीत तीन पूर्वजांकडून आलेली, मिळून ४२ गुणसूत्रे असतात. बन्सीत दोनच पूर्वजांची २८ असतात. रोटीच्या गव्हाचा संपूर्ण आनुवंशिक नकाशा २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या अक्षरांची संख्या माणसाच्या पाचपट भरली आणि जनुके एक लाखाहून अधिक निघाली. त्यातील '२ अ' या गुणसूत्राच्या वाचनाचा वाटा भारतीय शास्त्रज्ञांनी उचलला होता. उत्पन्नावर परिणाम करणारे गुणसूत्रांचे तुकडे जगभर शोधले गेले आणि ते जवळजवळ प्रत्येक गुणसूत्रावर सापडले. प्रत्येकाचा वाटा लहान, आणि पुष्कळांचा वाटा पाण्यागणिक बदलणारा.

हे बदलणे आम्ही शेतात पाहत असू. त्याच ओळी, म्हणजे पैदाशीतली त्याच कुळांची संतती, चार प्रकारच्या वाफ्यांत लावायची. एकात भरपूर पाणी, दुसऱ्यात दोन पाळ्या, तिसऱ्यात एक, चौथ्यात नुसती जमिनीची ओल. हंगामाच्या शेवटी दाणे तोलून प्रत्येक वाफ्यातील ओळींची क्रमवारी लावायची. पाणी कमी झाले, की सर्वांचेच उत्पन्न घटते, हे सांगायला शास्त्र नको. परंतु सर्वांचे सारखे घटत नाही. भरल्या वाफ्यात अग्रभागी असलेली ओळ कोरड्या वाफ्यात तळाशी जाते आणि तळातली कोणी वर येते. आलेखावर या रेषा एकमेकींना छेदून जातात. त्या फुलीकडे पाहताना मला दर वेळी आमचा कालवा दिसे.

ऑस्ट्रेलियातील जॉन पॅसिऊरा यांनी १९७७ साली या गुंत्याची एक सोपी मांडणी केली. दाण्याचे उत्पन्न म्हणजे तीन गोष्टींचा गुणाकार: पिकाने जमिनीतून किती पाणी ओढून घेतले, त्या पाण्याच्या प्रत्येक थेंबातून किती पदार्थ घडवला, आणि त्यातला किती दाण्यात घातला. या तिन्हींमागे वेगवेगळी जनुके आहेत, आणि त्यांतले एकही नेहमीच हितकारक नसते. खोल मुळे तळाशी ओल असेल तरच उपयोगी. ती नसेल, तर मुळांवर केलेला खर्च वाया. लवकर फुलोऱ्यावर येणारा गहू दुष्काळातून निसटतो, पण सुबत्तेच्या वर्षी त्याचा दाणा मोजकाच राहतो. भरपूर फुटवे हे भरल्या वाफ्यात वैभव, आणि आटत्या विहिरीवर १९७१ चे आमचे शेत. टंचाई कधी येते, यानेही सारे बदलते. फुलोऱ्याआधी आली, तर दाण्यांची संख्या घटते. नंतर आली, तर संख्या राहते, वजन जाते. अशा वेळी ज्या जातीने ताटात साखरेचा साठा करून ठेवला असेल, ती तो ओंबीकडे पाठवून दाणा काही प्रमाणात तरी भरून काढते. ऑस्ट्रेलियात २००२ साली 'ड्रायस्डेल' हा गहू प्रसारित झाला. पाणी जपून वापरणारी रोपे पानांतील कार्बनच्या जड आणि हलक्या अणूंच्या प्रमाणावरून ओळखून तो निवडला होता. त्याचाही लाभ कोरड्या मुलखात दिसतो आणि ओलीच्या मुलखात विरून जातो.

तेव्हा जनुक चांगले की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. किती पाण्यात, आणि ते केव्हा, हे शब्द त्याला जोडल्याशिवाय तो पूर्ण होत नाही.

हे सारे कळल्यावरही मी दुसरी चूक केली. १९८३ च्या फाल्गुनात अण्णा माझ्याकडे उत्तरेत आले होते. एका दुपारी त्यांना प्रक्षेत्रावर नेले. भरल्या वाफ्यांजवळून ते कौतुकाने, पण न थांबता गेले. कोरड्या वाफ्यांत मात्र एका ओळीपाशी उभे राहिले. आजूबाजूची पाने वळली होती. त्या ओळीची उघडी होती. त्यांनी हाताची पाठ पानांना लावली. "हे गार लागतं," ते म्हणाले, "याची मुळं खाली पोहोचली आहेत." पुढे आम्ही हेच काम उष्णतामापक यंत्र पिकावर रोखून करू लागलो, कारण ज्याला पाणी मिळते तेच पीक बाष्प सोडून दुपारी थंड राहू शकते. त्या दिवशी मी वहीत त्या ओळीसमोर एक खूण केली.

हंगाम संपल्यावर निवडीची वेळ आली. जागा थोडी, ओळी अनेक. चारही वाफ्यांची सरासरी काढली, तेव्हा ती ओळ मध्याच्याही खाली होती. कोरड्या वाफ्याच्या आकड्यांवर फार विसंबू नये, असे शास्त्र सांगते आणि ते अकारण सांगत नाही. कोरड्या जमिनीचा पोत हाताहातावर बदलतो. चांगले उत्पन्न बियाण्याचे की खालच्या ओलसर पट्ट्याचे, हे ओळखणे अवघड असते. भरल्या वाफ्यात हा गोंधळ कमी, म्हणून तिथली निवड अधिक खात्रीची. मी खात्रीची निवड केली. ती ओळ वहीतून खोडली आणि तिचे बी पुढच्या वर्षी पेरले नाही. कोणी मला तसे करायला सांगितले नव्हते. खात्री भरल्या वाफ्यात होती; प्रश्न मात्र कोरड्या वाफ्याचा होता, आणि सरासरीत तो बुडून गेला. पहिली चूक मी अज्ञानाने केली होती. ही दुसरी मी पूर्ण शिकून, आकडेमोड तपासून केली.

१९८९ साली अण्णा गेले. त्यानंतर मी जनुकपेढीतून बन्सीचे काही नमुने मागवून घेतले. ते लावले. उंच ताट, लांब कुसळे, टणक दाणा. ते बन्सी होते, यात शंका नाही. पण आमच्या बांधावरचे नव्हते. एका गावच्या ओलीशी पिढ्यान्‌पिढ्या जुळत आलेले बियाणे म्हणजे काय, हे मला त्या वाफ्यासमोर उभे असताना समजले. जनुके बहुतेक तीच असतील. त्यांची जी विशिष्ट मांडणी आमच्या शेताने जमवून आणली होती, ती गाडग्याबरोबर संपली होती. त्यानंतर माझ्या हाती जेवढी वर्षे होती, तेवढी मी कोरड्या वाफ्यांची क्रमवारी सरासरीत न मिसळता वेगळी मांडत राहिलो. त्यातून माझ्या नावावर एखादा गाजलेला वाण जमा झाला नाही. परंतु काळ त्याच दिशेने आला आहे. पंजाब-हरियाणात जमिनीखालचे पाणी वर्षानुवर्षे खोल जात आहे. जो भाग कालव्याच्या आणि नलिकाकूपांच्या बळावर खालच्या अंगाचा झाला होता, त्यालाही आता वरच्या अंगाचे प्रश्न विचारावे लागत आहेत. मर्यादित सिंचनासाठी वेगळ्या चाचण्या होतात, वेगळे वाण निघतात. १९६५ साली प्रसारित झालेला 'सी-३०६' हा उंच, कमी पाण्याचा गहू मध्य प्रदेशात सिहोरकडे 'शरबती' म्हणून अजून मानाने पिकतो, आणि अवर्षणाला तोंड देणारी जनुके शोधणारे लोक त्याच्याकडे पुन्हा पुन्हा वळतात. आमच्या निफाडच्या संशोधन केंद्राने कोरडवाहू आणि एखाद-दुसऱ्या पाण्याच्या शेतीसाठी 'नेत्रावती' हा वाण दिला.

सध्या आमची जमीन पुतण्या करतो. दसऱ्यानंतर त्याचा फोन येतो, "काका, औंदा कोणता गहू पेरू?" पूर्वी मी लगेच वाणाचे नाव सांगत असे. आता आधी विचारतो, विहिरीत किती हात पाणी आहे? पाऊस परतताना केवढा झाला? किती पाळ्या होतील? एकच पाणी होणार असेल, तर ते पेरणीनंतर चाळिसाव्या दिवसाच्या आसपास दे. दोन होणार असतील, तर पहिले विसाव्या दिवशी मुकुटमुळे फुटताना आणि दुसरे साठाव्या दिवसानंतर, फुलोऱ्याच्या वेळी. सगळे ऐकून घेतो आणि मग वाणाचे नाव सांगतो. कधी कधी दोन सांगतो, एक विहिरीलगतच्या तुकड्यासाठी आणि एक वरच्यासाठी.

मागे एका वर्षी पाऊस लवकर गेला होता. वरच्या तुकड्यात त्याने 'नेत्रावती' पेरला आणि त्याला एकच पाणी देता आले. मळणीनंतर तो मला भेटायला आला, तेव्हा रुमालाच्या गाठीत मूठभर दाणे घेऊन आला होता. उत्पन्न किती आले, ते त्याने सांगितले. खालच्या अंगाच्या मानाने ते थोडेच होते. मी गाठ सोडली आणि एक दाणा दाताखाली धरला. तो बन्सी नव्हता, त्यामुळे आवाज तसा आला नाही. पण दाणा भरलेला होता. उरलेले मी एका डब्यात घालून झाकण लावले आणि पुतण्याला म्हणालो, "यातलं पेरायला ठेवलंस ना?" तो म्हणाला, "ठेवलंय, काका. आधी तेच काढून ठेवलं."